दुधाखालचा गॅस

चर्चच्या प्रार्थना-शिबिराच्या, म्हणजे रिट्रीटच्या, पहिल्याच दिवशी फादरांनी सांगितलं, "इथं पूर्ण मौन. प्रार्थनेखेरीज तोंडातून शब्द नको." मला हसूच आलं. समोरच्या बाकावर माझी सख्खी ताई बसली होती, आणि आई गेल्यापासून आम्ही दोघींनी एकमेकींशी मौनच तर पाळलं होतं!

भांडण आईच्या शिलाई मशीनवरून. दोघीही शिवणकाम करणाऱ्या, दोघींनाही तेच हवं. ताईनं ते उचलून नेलं, मी बोलणं टाकलं. ती हट्टी, मी तिच्याहून हट्टी. एकाच माळेचे मणी. ती येणार हे कळलं असतं तर मी इथं पाऊल टाकलं नसतं. पण खरं सांगू? तिला पाहिलं तर पार वाळली होती. मला तिच्याशी बोलायचं होतं, फक्त आधी तिनं बोलायला हवं होतं.

संध्याकाळी चॅपेलमध्ये रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होती. ताईचा आवाज खणखणीत, म्हणून फादरांनी पुढून म्हणायला तिलाच बसवलं. ती "नमो मरिये, कृपापूर्णे" म्हणायची आणि आम्ही बाकीचे "हे पवित्र मरिये, देवाच्या माते"पासून "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, आमेन"पर्यंत उत्तर द्यायचो. डोळे मिटले की अगदी आईच! आईची रोझरी स्वयंपाकघराच्या दारात बसून चालायची. प्रार्थना मध्येच तोडणं तिला पाप वाटे, म्हणून घरातली फर्मानंसुद्धा ती त्याच सुरात, त्याच प्रार्थनेत घालायची.

तेवढ्यात शेजारच्या स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. स्वयंपाकीणबाई पहिल्या बाकावर डोळे मिटून तल्लीन.

"नमो मरिये, कृपापूर्णे," ताईचा सूर तसूभरही हलला नाही, "शेंडेफळा, दूध उतू चाललंय, गॅस बंद कर, प्रभू तुझ्याठायी आहे..."

शेंडेफळ म्हणजे मी. घरात मला दुसरं नावच नव्हतं. मी धूम ठोकली. गॅस बंद करून धापा टाकत परतले, तर सगळे उत्तर द्यायचं विसरून दाराकडे बघत होते. मग मीच दिलं.

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते, केला गं ताई, पण निम्मं दूध गेलं, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर..."

सगळं चॅपेल खो खो हसलं. ताई तर हसता हसता रडायलाच लागली. मी कुठली मागे राहते!

मौन मोडल्याबद्दल फादरांनी आम्हाला करपलेलं पातेलं घासायला धाडलं. "आणि तिथंही फक्त प्रार्थना हं," ते हसू दाबत म्हणाले.

मी पाणी ओतलं. ताईनं घासणी घेतली.

"नमो मरिये, कृपापूर्णे," ती हळूच म्हणाली, "मशीन घेऊन जा, माझ्यानं त्यावर टाका घालवत नाही, खाली बघितलं की आईचे पाय दिसतात..."

"हे पवित्र मरिये, देवाच्या माते," मी म्हणाले, "तुझ्याकडेच राहू दे. मी रोज येईन. तू शिव, मी काजं करीन, आता आणि..." पुढचं मला म्हणवेना.

ताईनं ओल्या हातानं माझा हात धरला.

"आणि आमच्या मरणाच्या वेळी," तिनं पुरं केलं. "आमेन. आता नीट घास, कडेला तसंच राहिलंय."