कारणाचा रकाना

यंदाच्या मोसमात आमच्या क्लबने एकतीस गोल खाल्ले. मे महिन्यात, देऊळघाटच्या घरी कुलरसमोर बसून मी ते सगळे पाहिले, एकेक गोल कमीत कमी आठ वेळा. क्लब गोव्याचा, दुसऱ्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमधला. मी त्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ कापतो आणि कोण कुठे चुकलं ते तक्त्यात भरतो. गावात विचारतात, "देवानंद, दिवसभर फुटबॉल पाह्यतो, याले काम म्हणतात का बे?" मी हो म्हणतो आणि दार लावून घेतो.

मोसम संपला की बचावफळीचा हिशोब. तक्ता सोपा असतो. प्रत्येक गोलाला एक ओळ, आणि ओळीत एक रकाना कारणाचा. तिथे मनाचं काही लिहिता येत नाही. पाचांतलं एक निवडायचं: जागा चुकली, माणूस सुटला, हवेतला चेंडू हरला, चुकीचा पास, लक्ष नव्हतं. शेवटी प्रत्येक बचावपटूच्या नावापुढे एकच शब्द, ठेवा किंवा सोडा. पहिली चारही कारणं कोच लोक पोटात घालतात. पाचव्याला माफी नसते.

आमच्या बचावफळीच्या मधोमध हर्षल खेळतो. तो माझा धाकटा भाऊ. कोचला ते ठाऊक आहे. "म्हणूनच त्याचं तूच लिही," तो फोनवर म्हणाला. "तू जे लिहिशील तेच मी धरणार. शुक्रवारी पाचपर्यंत पाठव." एखाद्यावर इतका विश्वास टाकू नये. मला त्याचा रागच आला.

पहिल्या अकरा सामन्यांत आम्ही दहा गोल खाल्ले. पुढच्या नऊमध्ये एकवीस. मध्ये काय झालं, हे शोधायला मला व्हिडिओची गरज नव्हती. अकरावा सामना गुवाहाटीला होता, जानेवारीत, दुपारी साडेचारला. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता बुलडाण्याच्या दवाखान्यात आमची माय गेली.

आमच्याकडे बाहेरगावच्या माणसाला फोनवर कोणी गेल्याचं सांगत नाहीत. "तब्येत जास्त हाय, निघून ये," एवढंच म्हणतात. ऐकणारा काय ते समजतो आणि गाडीत बसून एकटाच रडतो. मी तेवढाही फोन केला नाही. त्या दिवशी एका मोठ्या क्लबची माणसं हर्षलला पाहायला येणार होती. मी टीमच्या मॅनेजरला सांगितलं, मॅच संपेपर्यंत त्याला काही कळू देऊ नका. मायलाही हेच हवं असतं, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. मायला मी विचारलं नव्हतं.

त्या सामन्यात हर्षल भिंतीसारखा खेळला. आम्ही एकही गोल खाल्ला नाही. शिट्टी वाजल्यावर तो हसत हसत बाकाकडे आला आणि मॅनेजरने त्याच्यासमोर फोन धरला. हे टीव्हीवर दिसलं नाही. मी मात्र उंचावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहतो, त्यात पूर्ण मैदान दिसतं. तिथे तो बोटाएवढा दिसतो. बोटाएवढा हर्षल फोन कानाला लावतो आणि खाली बसतो. मी ते दोनदा पाहिलं. मला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचीच भीती वाटली.

अकरालाच सांगितलं असतं तर त्याला दोनचं विमान मिळालं असतं. पहाटेपर्यंत तो घरी आला असता. संध्याकाळी सांगितल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोचला. माती सकाळी दहालाच झाली होती. मायच्या नावाने ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो ओळीत बसला, जेवला, गेला. मोठ्या क्लबकडून पुढे काही आलं नाही. तेव्हापासून मी फोनवर काहीही विचारलं तरी तो फक्त "हाव" म्हणतो.

एकवीसपैकी नऊ गोल त्याच्या हद्दीतून झाले. तीन तसे कोणाच्याही हातून होतात. उरलेले सहा पाहताना मी आधी कॅमेऱ्याला दोष दिला. मग हळू करून पाहिलं. सहाच्या सहा वेळा, चेंडू येण्याच्या जरा आधी, हर्षलची मान बाकाकडे वळलेली. समोरचा त्याच्या पाठीमागून निघून जातो तरी हा तिकडेच बघतोय. तिथे मॅनेजर उभा असतो. त्याच्या हातात फोन असतो.

शुक्रवारी सकाळी मंजुश्री, माझी बायको, चहा घेऊन आली. मी तेच चित्र थांबवून बसलो होतो.

"काय लिहून राह्यले?" तिने विचारलं.

"काहीच नाही. जागा चुकली, असं लिहिता येते. कोणाले कळत नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. "त्याले काऊन नाही विचारत तुमी?"

"तो बोलत नाही."

"तुमी तरी कुठं बोलता," ती म्हणाली, आणि कप ठेवून गेली.

साडेअकरा वाजले होते. मी हर्षलला फोन लावला. तो गोव्यालाच होता, क्लबच्या खोलीवर.

"तुह्ये गोल पाहून राह्यलो," मी म्हटलं. "सहा वेळा तू बाकाकडे पाह्यलं."

मी थांबवलेलं चित्र पुन्हा चालवलं.

"मॅनेजरच्या हातात फोन हाय का, ते पाह्यतो न?"

"हाव."

"आता कोणाचा फोन येनार हाय बे? माय तर गेली."

"तू हाय न," हर्षल म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "तुह्यं काही झालं, तर वैनी बी मॅच संपल्यावरच सांगन. तूच शिकवलं सगळ्यायले."

मला माफी मागायची होती, शब्दही तयार होते, पण ते जानेवारीतले होते. आता ते कुठेच बसत नव्हते.

"काय लिहिलं मग?" त्याने विचारलं.

"अजून काही नाही. पाच वाजता पाठवायचं हाय."

"जे लिहिशीन ते मले आधी सांग, दादा. संध्याकाळी नको."

मी तक्ता समोर घेतला आणि त्याला फोनवर धरून एकेक ओळ भरली. बारावा सामना, सत्तराव्या मिनिटाचा गोल, लक्ष नव्हतं. चौदावा, दोन गोल, लक्ष नव्हतं. सोळावा, लक्ष नव्हतं. तो प्रत्येक ओळीला हुंकार देत होता. अठरावा आणि विसावा, लक्ष नव्हतं.

"अन् शेवटी?"

"सोडा," मी म्हटलं. "मी 'सोडा' लिहून राह्यलो, हर्षल. अजून पाठवलं नाही. पह्यले तुले सांगतो."

पलीकडून खाटेखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

"किती वाजले?"

"पावणेबारा."

"मंग दोनची बस सापडते मले," तो म्हणाला. "सकाळी घरी पोचतो."