फुगायला शिकलेले दार

मी एक जुने दार आहे. निदान करमअली शेटच्या घरात तरी मला दार म्हणतात. त्याआधी पुष्कळ वर्षे मी होडीची फळी होते आणि त्याच्याही आधी सागाचे झाड. मित्रांनो, माझे तीन जन्म झाले, पण चांगले वागायचे म्हणजे नेमके कसे वागायचे, हे मला अजून उमगलेले नाही. तुम्ही शाळेत जाता, शहाणे आहात. माझी हकिकत ऐका आणि जमले तर मलाच समजावून सांगा.

मांडव्याजवळच्या खाडीकाठी काळूराम नावाचा कोळी राहत असे. मी त्याच्या होडीच्या कुशीतली फळी. नवी होडी पाण्यात उतरली तेव्हा सगळ्या सांध्यांतून पाणी पाझरू लागले. मी घाबरले. काळूराम मात्र खुशाल बिडी ओढत बसला. फळ्या पाणी पितील, फुगतील, मग थेंब आत यायचा नाही, असे तो आपल्या बायकोला, नीराबाईला, सांगत होता. तसेच झाले. मी पोटभर पाणी प्याले, फुगले, शेजारच्या फळीला घट्ट बिलगले आणि गळती थांबली. काळूरामने माझ्या अंगावर हात फिरवला आणि मला शाबासकी दिली. तेवढ्या शाबासकीवर मी पुढे कितीतरी वर्षे इमानाने फुगत राहिले. नारळी पौर्णिमेला होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लागे, त्यातले थोडे ओघळून माझ्यापर्यंत येई. देश स्वतंत्र झाला तेव्हा डोलकाठीला झेंडा लागला होता म्हणे. मी पाण्याखाली, मला तो दिसला नाही.

पुढे एका वादळात होडी खडकावर आपटली. माणसे पोहत किनाऱ्याला लागली, होडीचे मात्र तुकडे झाले. त्यातल्या धड फळ्या दत्तात्रेय सुताराने नेल्या. करमअली शेटच्या भिंतीतल्या कपाटाचे दार वाळवीने खाल्ले होते आणि त्याच्या जागी नवे दार बसवायचे होते. खारे पाणी प्यालेल्या सागाला वाळवी तोंड लावत नाही, हे दत्तात्रेयला ठाऊक होते. त्याने माझे खिळे उपटले, भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या, माझे तुकडे करून शेजारी शेजारी जोडले आणि रंधा मारला. मला दुखले, पण खरे सांगायचे तर रंध्याखालून निघालेले माझे रूप मलाही आवडले.

ऐन वैशाखात त्याने मला चौकटीत बसवले. मी उन्हाने आक्रसलेले. त्याने इतके नेमके बसवले की केसभर फट राहिली नाही. घरे बांधणारा माणूस तो. होडीच्या लाकडाशी त्याची तेवढी ओळख नव्हती. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. करमअली शेटच्या बायकोने, रहिमुन्निसाने, लेकीच्या निकाहाचे कपडे माझ्या आड ठेवले. त्यांत जरीची एक ओढणी होती. तिच्यावरचे भरतकाम तिने दुपारच्या दुपार खर्चून स्वतःच्या हाताने केले होते. पावसाळा संपल्यावर निकाह, तेव्हाच कपाट उघडायचे, असे ठरले.

मग पाऊस लागला. कौलांतून ओल उतरली आणि मला जुनी हाक ऐकू आल्यासारखे झाले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर मेल्यावरही गेली नाही. मी फुगले. चौकटीला घट्ट बिलगले आणि शाबासकीची वाट पाहत राहिले.

शाबासकी कुठली? त्या लेकीचा, जैबुन्निसाचा, नवरा मुलगा जहाजावर खलाशी होता. त्याला अचानक श्रावणातच रजा मिळाली आणि निकाह अगदी तोंडावर आला. रहिमुन्निसा कपडे काढायला आली, तर मी जागचे हलेना. सुरी झाली, तेल झाले, सगळ्यांची ओढाताण झाली. मी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. शेवटी दत्तात्रेयला बोलावले. तो म्हणाला, कापल्याशिवाय गत्यंतर नाही. पण कप्पा ठासून भरलेला, ओढणी दाराला टेकलेली. करवत आत गेली की ती फाटणार. रहिमुन्निसाचा चेहरा उतरला. मला काहीच कळेना. जे केल्याने एका घरी डोक्यावर घेतले, तेच केल्याने दुसऱ्या घरी करवत?

नेमकी तेव्हाच नीराबाई सुके बोंबील विकायला दारात आली. आत काय गोंधळ आहे म्हणून डोकावली आणि मला पाहून पाटी खाली ठेवली. माझ्या खुंट्यांवरून तिने बोट फिरवले.

"भाभी, ही आमच्या होडीची फळी हाय," ती म्हणाली. "हिला फुगायला आम्हीच शिकवलंय. मारून काय व्हनार? धग दे. जाल न्हाय, नुसती धग. आपसूक येल."

करवत बाजूला ठेवली गेली. माझ्यासमोर कोळशाची शेगडी आली. तिच्या एका बाजूला रहिमुन्निसा बसली, दुसऱ्या बाजूला जैबुन्निसा. निखारे फुलवता फुलवता आई लेकीला सासरच्या गोष्टी सांगे. लेक म्हणे, मला इतक्या लांब का देता? आई शेगडी जरा पुढे सरकवी. असे काही दिवस गेले. आणि एका दुपारी मी आवाज करून सुटले.

आतले कपडे कोरडे ठणठणीत होते. घरात पेटीत ठेवलेल्या इतर कपड्यांवर बुरशी चढली होती, पण माझ्या आड ओलीचा शिरकाव झाला नव्हता. जैबुन्निसाने ओढणी डोक्यावर घेऊन पाहिली. रहिमुन्निसाने मी उघडावे म्हणून किती दुवा मागितली होती, आणि आता मी उघडले तर ती खाली बसून रडू लागली. मित्रांनो, हे काय ते मला सांगा.

निकाह झाला. लेक गेली. मी पुन्हा अडू नये म्हणून दत्तात्रेयने मला चारी बाजूंनी तासले. त्यामुळे उन्हाळ्यात मी सैल पडले, वाऱ्याने आपोआप उघडू लागले. उघडले की रिकामा कप्पा दिसे. रहिमुन्निसा मला लोटून लावी, मी पुन्हा उघडे. एकदा तिने मला पाठीने दाबून धरले आणि हळूच म्हणाली, "आता तरी घट्ट बस."

मी फुगायचा फार प्रयत्न केला. पण घरात टिपूस ओल नव्हती आणि अंगात तेवढे लाकूडही उरले नव्हते. तेव्हा तिने ओढणी बेतताना उरलेला जरीचा तुकडा आणला, घडी केली आणि माझ्या फटीत बसवला.

त्याला आता बरीच वर्षे झाली. पावसात मी फुगले की ती तो तुकडा काढून घेते आणि ऊन पडले की परत बसवते. मित्रांनो, मोडक्या वस्तूंना जपा, अडलेल्या दारावर लगेच करवत धरू नका, हे सगळे मी सांगणारच होते. पण कधी या घरात आलात, तर आधी एवढे ऐका. माझ्या फटीत एक मळकी चिंधी दिसेल. ती कचरा समजून ओढू नका.