डोळे मिटून दिलेले नऊ

"हे बघा! अकरा सेकंद. मोजलेत मी." बाईने फोन मुख्य पंचांच्या नाकाखाली धरला. "तुमच्या पंचबाई चक्क डुलक्या काढतायत, आणि माझी पोरगी दुसरी!"

फोनवर बर्फाच्या कडेचं लांब टेबल दिसत होतं. तीन खुर्च्या, आणि मधल्या खुर्चीत राखाडी कोटातली, गळ्यात पंचाचं कार्ड अडकवलेली एक बाई. हात मांडीवर, डोळे गच्च मिटलेले. तीच बाई आत्ता त्या खोलीत दाराला पाठ लावून उभी होती. सगळं रिंक तिला धारवाली म्हणायचं.

"झोपले नव्हते मी," धारवाली म्हणाली.

"मग काय समाधी लागली होती?"

"ऐकत होते."

"ऐकत होत्या! ऐकलंत का सर? स्केटिंग ऐकतात या. उद्या हुंगून गुण देतील."

मुख्य पंचांनी खोकल्याच्या निमित्ताने हसू गिळलं. धारवाली पुढे झाली आणि फोनकडे बोट दाखवत म्हणाली, "आवाज वाढवा जरा. त्यातच कळेल."

बाईने वाढवला. फोनमधून पियानो आला, मागे कुणीतरी वेफर्स चावल्याचा आवाज आला, आणि मग या बाईंचाच दबका आवाज: "अगं बघ बघ, झोपली म्हातारी." बस. बाकी काही नाही. धारवालीने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा वेफर्स, पुन्हा म्हातारी. जे तिने ऐकलं होतं ते फोनला ऐकूच आलं नव्हतं.

"ताई, तुम्ही बाहेर बसा," मुख्य पंच म्हणाले. "बक्षिसं पाचला आहेत. त्याआधी सांगतो."

बाई गेली. दार असं आपटलं की भिंतीवरचं वेळापत्रक तिरकं झालं.

भानगड साधी होती. छोटी स्पर्धा, पंच तीन. मोठ्या ठिकाणी पंच नऊ असतात, वरचा आणि खालचा आकडा उडवून टाकतात. इथे उडवण्याची चैन परवडत नाही, तिघांचीही सरासरी धरतात. नारिंगी ड्रेसवाल्या मुलीला कलेचे दहापैकी सव्वासहा दिले डाव्या खुर्चीतल्या दातांच्या डॉक्टरने. उजवीकडच्या बाईंनी, एकेकाळच्या विजेत्या त्या, सहा दिले. धारवालीने नऊ. त्या नऊवर नारिंगी मुलगी केसाएवढ्या फरकाने पहिली आली. आणि पुढच्या मोठ्या स्पर्धेला पहिलीच जाते, दुसरी घरी जाते.

हे कलेचे गुण कसे देतात ते एकदा सांगूनच टाकतो. सकाळी सराव असतो. पंच कॉफी घेऊन कठड्याला टेकतात, कोण कुणाकडे शिकते ते बघतात, कुणाच्या ड्रेसवर किती खडे आहेत ते बघतात, आणि पेन्सिलीने आकडा टिपून ठेवतात. दुपारी मुलगी जीव ओतून नाचो नाहीतर झाडू मारो, तो आकडा फार तर पाव गुणाने इकडेतिकडे होतो. दुहेरी, म्हणजे हवेत दोन गिरक्यांच्या, उड्या मारणारी असेल तर कला सातच्या वर. एकेरी मारणारी असेल तर कला सहा. म्हणजे उडीचे गुण उडीला दिलेच, वर कलेच्या ताटातही तेच वाढलं. याला म्हणायचं शास्त्र! आणि एखाद्याने वेगळं दिलं तर कचेरीतून पत्र येतं: आपले गुण इतर पंचांच्या सरासरीपासून दीडहून अधिक दूर आढळले. तीन पत्रं झाली की यादीतून नाव जातं. चूक कुणाची हे कुणी बघत नाही. एकटा कोण पडला तेवढंच बघतात.

धारवालीला आजवर दोन पत्रं आली होती. बावीस वर्षांत दोन.

"बस," मुख्य पंच म्हणाले. तिला पंचाच्या परीक्षेला बसवणारे हेच. तेव्हा ती पस्तिशीची होती, रिंकच्या जिन्याखालच्या टपरीत स्केट्सच्या पात्यांना धार लावायची. चाक फिरत असताना समोर नियमांचं पुस्तक उघडं ठेवून तिने ते तोंडपाठ केलं होतं. आयुष्यात एक उडी मारली नव्हती. लोक फिदीफिदी हसले, आणि ती पहिली आली.

त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. वरचं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. "सही कर. चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, शुगर कमी झाली. तब्येतीचं कारण असलं की गुण रद्द होतात, पंच नाही."

"मला शुगर नाही, सर."

"अगं, कागदाला आहे ना! तुला कशाला हवी?"

"आणि ती मुलगी?"

"दोघांच्या सरासरीवर जाईल. दुसरी येईल. दुसरं येणं म्हणजे काही मरण नाही."

"सत्तावीस वर्षांची आहे ती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते, फॉर्मवर लिहिलंय. अजून किती वर्षं येईल?"

"तू तिची मावशी आहेस का?" ते चिडले. मग आवाज खाली आणला. "हे बघ, सही नाही केलीस तर गुण राहतील, निकाल राहील. पण नऊ ते नऊच. तिसरं पत्र मलाच लिहावं लागेल, आणि कार्ड आत्ताच घ्यावं लागेल. मग शनिवारी करशील काय?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. कारण ते खरं होतं.

वर्षातले बारा-तेरा शनिवार धारवालीच्या नावाची पाटी कुणीतरी टेबलावर मांडत असे. डावीकडे डॉक्टर, उजवीकडे विजेत्या बाई. पंचांनी आपसात बोलायला मनाई. वीस वर्षं डॉक्टर तिच्या शेजारी बसत होता, त्याच्या खिशातल्या लवंगेचा वास तिला पाठ होता, तो गुडघा कधी हलवतो ते पाठ होतं, पण त्याला मुलं किती हे ठाऊक नव्हतं. तरी ती माणसातली शांतता होती. घरची वेगळी. घरी एक खोली, एक ताट, एक उशी, आणि रविवारी धाकट्या बहिणीचा फोन: "ताई, जेवलीस का? बरं, ठेवते." बहिणीला वाईट म्हणायचं कारण नाही. तिला तिचा संसार आहे, आणि धारवालीकडे सांगायला काय होतं? आज स्केट्सचे चौदा जोड घासले. उद्या अठरा आहेत.

तिने पेन उचललं. खोटं कशाला बोलू, सही करण्यासाठीच उचललं. नावाचं पहिलं अक्षर काढलंसुद्धा.

मग तिला ते अकरा सेकंद पुन्हा ऐकू आले.

मुलगी दिसायला काही खास नव्हती. ड्रेस घरी शिवलेला, नारिंगी, एका खांद्यावर उसवलेला. हात तर दोरीवर वाळत घातलेल्या बाह्या. एक उडी फसली. धारवालीच्या मनातही सहाच आले होते. मग पियानो खाली उतरला, मुलगी एका पायावर लांब वळणाला लागली, आणि धारवालीच्या मानेवर काटा आला. पातं बर्फावर घासतं तेव्हा खरडल्यासारखा आवाज येतो, चांगल्या चांगल्यांचा येतो. म्हणून तर संगीत मोठं लावतात. या मुलीचा येत नव्हता. धारदार कात्री न चावता कापडातून सरळ निघून जावी तसा एक बारीक श्वास, बस. मुलगी पात्याच्या बाहेरच्या कडेवरून आतल्या कडेवर आली ते पियानो जिथे थांबला नेमकं तिथे. पुन्हा थांबला, पुन्हा आली. ड्रेस मधे येत होता, हात मधे येत होते. धारवालीने डोळे मिटून घेतले. एकतीस वर्षं पात्यांचा आवाज ऐकून ऐकून तिचे कान तयार झाले होते, आणि असा पाय तिने एकदाही ऐकला नव्हता. डोळे उघडले तेव्हा पेन्सिलीने लिहिलेले सहा तिने खोडले आणि नऊचं बटण दाबलं.

तिने काढलेलं अक्षर गिरवून काळं केलं. कागद उलटा केला आणि लिहिलं: मी झोपले नव्हते. मला चक्कर आली नव्हती. मी डोळे मिटून पात्यांचा आवाज ऐकत होते. नऊ गुण माझे आहेत आणि पुन्हा बसवलंत तरी तेवढेच देईन. खाली पूर्ण सही केली.

मुख्य पंचांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, ओळी तर चारच होत्या.

"फार अडेल आहेस तू."

"हो."

तिने कार्ड डोक्यावरून काढलं. दोरी कानात अडकली, ती सोडवावी लागली. मग तिने ते टेबलावर पालथं ठेवलं.

बोळात दातांचा डॉक्टर कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. तो आधी दोन्हीकडे बघून घेऊन तिच्याजवळ आला. वीस वर्षांत पहिल्यांदा बोलत होता, त्यामुळे 'तुम्ही' म्हणावं की काय याचाही गोंधळ झाला.

"ते... ऐकत होते, म्हणालात ना तुम्ही? दार पातळ आहे, ऐकू आलं. मलाही जाणवलं होतं, त्या लांब वळणावर. आवाजच नव्हता."

धारवाली त्याच्याकडे वळली. "खरं?"

"खरं तर काय! म्हणून तर सव्वासहा दिले. सकाळी सहाच लिहिले होते मी."

तो मनापासून बोलत होता, हीच तर पंचाईत होती. त्याच्या लेखी त्याने मोठं धाडस केलं होतं.

"मुलं किती तुम्हाला?" तिने विचारलं.

"अं? दोन. का?"

"काही नाही. सहज."

स्पर्धेच्या दिवशी पंचाने धारेच्या कामाला हात लावायचा नसतो, म्हणून तिची टपरी बंद होती. आता हरकत नव्हती. तिने शटर वर केलं, कोट काढून एप्रन बांधला आणि स्टुलावर बसली. पाच वाजता टाळ्या वाजल्या. वर कुणाच्या गळ्यात काय घातलं ते जिन्याखालून दिसत नाही.

सव्वापाचला नारिंगी ड्रेसवर स्वेटर चढवलेली ती मुलगी जोड हातात घेऊन आली. गळ्यात पदक, नाक लाल.

"मावशी, धार लावून मिळेल? पुढल्या आठवड्यात मोठी स्पर्धा आहे. आमच्याकडचा माणूस घासताना पातं तापवून जाळतो."

धारवालीने जोड घेतला. दोन्ही कडांवर आळीपाळीने नख फिरवून धार पाहिली. झीज दोन्हीकडे सारखी, टोकापासून टाचेपर्यंत. असं पातंही तिने पाहिलं नव्हतं.

"जिंकलीस वाटतं."

"जिंकले कसली!" मुलगी हसली, पण हसू अर्ध्यावर राहिलं. "सगळे म्हणतायत एक पंच झोपली होती, जाग आल्यावर चुकीचं बटण दाबलं. म्हटलं असेल बाबा. झोपेत का होईना, कुणीतरी दिलं."

धारवालीने चाकाचा पट्टा ताणून बघितला. तो ताणलेलाच होता.

"चुकीचं दाबलं नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"हातांकडे लक्ष दे. हात फार वाईट आहेत तुझे."

मुलीचा चेहरा पडला, मग उजळला. "म्हणजे तुम्ही बघितलंत माझं?"

"थोडं."

"आणि पाय?"

वर स्पीकरवर पुढच्या गटाच्या पंचांची ओळख सुरू झाली. डॉक्टरचं नाव झालं, मग विजेत्या बाईंचं, मग एक तिसरं नाव, जे धारवालीने कधी ऐकलं नव्हतं. त्यालाही टाळ्या पडल्या.

"पायांना काही सांगायचं नाही मला," धारवाली म्हणाली. "आहेत तसे राहू देत."

मुलगी कोपरं टेकून थांबली होती, आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून. धारवालीने चष्मा लावला, पातं साच्यात बसवलं, पेच आवळला आणि चाक सुरू केलं.