इद्रिस कुठल्या वहीत?

नंदाखाल गावच्या स्टॅनीच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कुणाच्या नावानं होणारी प्रार्थना, मागायच्या दोन वह्या होत्या, एक हयातांची, एक मयतांची. गेली अडीच वर्षं स्टॅनी दर महिन्याला पहिल्या वहीत एकच नाव घालायचा, इद्रिस. गावातले टवाळ म्हणायचे, "मुसलमानासाठी मिस्सा? स्टॅनी सुदानहून आला तो डोकं तिथंच ठेवून." म्हणेनात का! खार्टुममध्ये लढाई पेटली, तेव्हा जनरेटर दुरुस्त करणाऱ्या स्टॅनीला इद्रिस या त्याच्या मदतनिसानं नऊ दिवस घरात लपवलं होतं. स्वतः अर्धपोटी राहून त्याला जेवू घातलं होतं. खाल्लं मीठ विसरणारा स्टॅनी नव्हे.

पुढे स्टॅनी गावी परतल्यावर खार्टुमहून इद्रिसचा फोन आला. "इथं राहवत नाही. कुठं जाऊ?"

स्टॅनी तेव्हा केळीला पाणी लावत होता. "आईकडे जा, अल-फाशरला," तो सहज बोलून गेला. "घरच्यांत बरं असतं."

इद्रिस गेला. मग त्याच शहराला दीड वर्ष वेढा पडला. माणसं गुरांची पेंड खाऊन जगली. ऑक्टोबरअखेर शहर पडलं आणि इद्रिसचा फोन बंद झाला तो बंदच.

मृतांच्या दिवसासाठी नावं द्यायची ती शेवटची सकाळ होती. स्टॅनी बायकोबरोबर, प्रिस्काबरोबर, चर्चच्या ऑफिसात आला. तिथं वह्या सांभाळणारी लिडिया बातम्या ऐकून होती.

"स्टॅनीकाका, इद्रिसला कुठल्या वहीत लिहू?" तिनं हळूच विचारलं.

मयत म्हणावं, तर आपणच त्याला मरणाच्या दारात धाडलं, हे स्टॅनीला कबूल करावं लागणार होतं.

"मीच पाठवला ग त्याला," तो प्रिस्काला म्हणाला. "दुसरीकडं गेला असता, तर वाचला असता."

"त्याची आई चालती-फिरती होती?"

"नाय. अंथरुणाला खिळलेली."

"मग तो गेला नसता, तर त्या वेढ्यात तिला घास कोणी भरवला असता?"

म्हातारी स्टॅनीच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. सगळं दुःख आपल्याच चुकीचं, असं धरून बसला होता. भर ऑफिसात तो लहान मुलासारखा रडला.

"हयातांत लिव," शेवटी तो म्हणाला. "नक्की कळेस्तोवर हयातांतच. आन् त्याच्या आईलाबी घाल."

"नाव काय त्यांचं?"

त्या माउलीचं नाव स्टॅनीनं कधी विचारलंच नव्हतं.