बाळाला कुणाजवळ ठेवायचं

आमचं शिवणकामाचं दुकान, आणि दुकानाच्या मागेच घर. एके दिवशी त्या अख्ख्या घरात एकही कात्री सापडेना! कापड टेबलावर पसरलेलं आणि मी कपाटं उपसतेय. माझं डोकं आधीच गरम. म्हटलं, कारागिरानंच लांबवल्या. त्याला नाही नाही ते बोलले. बिचारा हातातलं काम टाकून निघून गेला.

कात्र्या सापडल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, माझ्या भावजयीच्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेल्या. आमच्यात सगळ्यात सफाईनं कात्री चालवणारी बाई ती! बाळंत होऊन महिना उलटला होता.

तणतणत तिच्या खोलीत शिरले. "काय गं, हा काय खेळ मांडलायस?"

ती भिंतीला टेकून बसली होती. लेक पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला. "ताई, त्या परत खाली आणू नका. हिला जवळ घेतलं की डोळ्यांसमोर नको ते येतं. माझ्याच हातून हिला काहीतरी..." पुढं तिला बोलवेना. "कुणाला सांगू नका हो. हिला माझ्यापासून तोडतील."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्याच दिवशी भावाला घेऊन तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिला निवांत बोलू दिलं. मग आम्हाला म्हणाल्या, "हा आजार आहे. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतो आणि बराही होतो. हिला ते विचार नकोच आहेत, म्हणून तर ही इतकी घाबरलीय. बाळ हिच्याजवळच राहू द्या. सोबतीला कुणीतरी बसा."

भावानं नंदीबैलासारखी मान हलवली. आणि घरी येताच पाळणा माझ्या खोलीत हलवला! "हिच्या हातात पोर द्यायची नाही, सांगून ठेवतोय."

"अरे गधड्या, डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते कानात शिरलं का तुझ्या?" मी भांडले, रडले, आईला मध्ये घातलं. तो ढिम्म. पण खरं वाईट वाटलं ते भावजयीचं. ती त्याच्याच बाजूनं! मी पोर घेऊन गेले की दारातूनच मागे सरायची. "राहू द्या ताई. तुमच्याकडे सुखरूप आहे."

औषधं मात्र तिनं चुकवली नाहीत. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बोलत राहिली. हळूहळू जेवायला लागली, झोपायला लागली, दुकानात येऊन मशीनवर बसली. तोवर पोर रांगायला लागली होती. एका सकाळी भाऊच ओशाळून म्हणाला, "ताई, दे तिला."

तिनं हात धुतले, पुसले, मांडी घालून बसली. मी पोर तिच्या मांडीवर ठेवली. पोरीनं तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि असा टाहो फोडला म्हणून सांगू! दोन्ही हात माझ्याकडे. आईनं थोपटलं, गुणगुणलं, डोलवलं. पोर लालबुंद. शेवटी तिनंच पोर उचलून माझ्याकडे दिली. माझ्या खांद्यावर डोकं टेकताच कार्टी गप्प झाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

भावजयीनं डोळे पुसले. "ताई, हिला झोपवताना काय करता हो तुम्ही?"

मी आत्या. आणि पोटच्या पोरीला कसं झोपवायचं, ते तिच्या आईला सांगत बसले. कानामागे हळूच खाजवायचं, मग डोळे मिटते. भावजय एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होती.