बेडपॅन बटलर

“आले हो, आले,” म्हणत दुर्गाने लॅपटॉप बाजूला सारला आणि आतल्या खोलीत गेली. कमलाकर डाव्या हाताने पलंगाची कड वाजवत होता. पक्षाघातापासून जीभ वळत नव्हती, उजवं अंग तर गेलंच होतं. तिने नवऱ्याला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, चादर बदलली. कंबर धरतच ती परत येऊन बसली.

काम पुण्याच्या एका प्रकाशकाचं होतं. जर्मन लोकांनी वेगवेगळ्या कामधंद्यांना ठेवलेली गमतीची नावं इंग्रजीत आणायची, सोबत व्यंगचित्रं. मानसोपचारवाला म्हणजे जिवाचा प्लंबर. फरशी पुसणारी म्हणजे लाकडी फरशीची ब्यूटिशियन. असा एखादा शब्द जमला की दुर्गाला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. आज मात्र ती ‘उरीनकेल्नर’पाशी अडली होती. दवाखान्यात रुग्णांचं सगळं करणाऱ्याला चेष्टेने असं म्हणतात. शब्दशः लघवीचा वेटर. इंग्रजीतही हसू यायला हवं. बराच वेळ घोळवल्यावर सुचलं, ‘बेडपॅन बटलर’. तिने लगेच पाठवून दिलं.

संपादक आशिषचा फोन आलाच. “एक नंबर, मॅडम! ह्याला पानभर चित्र देतो.”

कितीतरी दिवसांनी दुर्गा एकटीच हसली.

दुपारी कमलाकरला भात भरवून झाला आणि ऋतुजाचा फोन आला. ऋतुजा मंद्रूप गावची. नर्सिंग करून ती दुर्गाकडे एसटीने येऊन जर्मन शिकली आणि जर्मनीतल्या एका दवाखान्यात लागली. नर्सिंगची कागदपत्रं मंजूर होईपर्यंत तिच्याकडे तिथे मदतनिसाचंच काम होतं.

“मॅडम, एक शब्द इचारू का? तुमी शिकवलेला न्हाय. उरीनकेल्नर.”

दुर्गाने हातातली ताटली खाली ठेवली. “कोण म्हणालं?”

“वार्डातले एक आजोबा. मी आत गेले की म्हणत्यात. बाकीचे हसत्यात. मला वाटलं काय तरी चांगलं आसंल, म्हणून मी बी हसले. मंजे काय वो?”

खोटं सांगता आलं असतं. “लघवी नेणारा वेटर,” दुर्गा म्हणाली.

पलीकडे ट्रॉली ढकलल्याची खडखड आली.

“आसं व्हय. खोटं न्हाय की. नेतेच मी.” मग आवाज बारीक झाला. “आईला सांगू नका मॅडम. ती गावात सांगतीया, लेक इंजेक्शनं देती म्हणून. त्यास्नी काय म्हनू, ते सांगा की. एकच वाक्य.”

दुर्गाला जर्मनमध्ये चार सणसणीत वाक्यं सुचली. पण ऋतुजाला उद्याही त्याच खोलीत जायचं होतं.

“नाव सांग,” ती म्हणाली. “माझं नाव ऋतुजा, एवढंच. हसू मात्र नकोस.”

फोन ठेवून तिने आशिषला लावला. “तो बटलर काढून टाका. साधं काहीतरी देते.”

“अहो मॅडम, चित्र झालंय. सगळ्यांना आवडलंय. आणि गंमत आहे ती, एवढं काय मनाला लावून घेता?”

काय लावून घेतलंय हे सांगायचं तर ऋतुजाला मध्ये आणावं लागलं असतं. “बरं,” ती म्हणाली.

शब्द राहिला. ती पुढच्या पानावर गेली. पण संध्याकाळपर्यंत एकही नाव जुळलं नाही.

दिवेलागणीला ऋतुजाने रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप मोबाइलवर आला. दुर्गाने फोन कमलाकरच्या उशीजवळ धरून निरोप लावला.

“सांगितलं मॅडम. हसले न्हाय मी. आजोबा गपच बसले. मग नाव म्हणायला लागले, पर त्यास्नी येतच न्हाय. रुटुया म्हणत्यात. तरी चारदा म्हणून बघितलं त्यांनी.”

कमलाकरचे ओठ हलले. “रु...” पुढचं अक्षर काही येईना. त्याने कपाळाला आठ्या घालून पुन्हा सुरुवात केली.

दुर्गा पलंगाच्या कडेला टेकली आणि त्याला शब्द न पुरवता त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.