तिसरी घंटा

“लिव्हर सोड, दादा. शेवटचं सांगतोय.”

इंजिनवाल्याने मान वळवली नाही. खाणीचा पिंजरा वर ओढणाऱ्या इंजिनघराचं दार फोडून संपकरी आत घुसले होते आणि पुढे कोण उभा आहे ते आवाजावरूनच कळत होतं. पाठचा भाऊ, धाकटा. त्याच्या हातात कुदळीचा दांडा होता.

“पिंजरा वर येतोय,” इंजिनवाला म्हणाला. “आत पोरं आहेत. हात काढला तर तळाला जातील.”

“दोन घंटा झाल्या. माझ्या कानांनी ऐकल्या. दोन म्हणजे कोळसा, माणसं असली की तीन. मला शिकवतोस? जन्म गेलाय माझा खाली.”

तो खोटं बोलत नव्हता. खाणीत हाच कायदा होता. पण संप मोडायला मालकांनी शेजारच्या खाणशाळेतली पोरं खाली उतरवली होती. कागदावर नकाशे काढणारी पोरं ती, त्यांना घंटा कोण शिकवणार? सकाळपासून एक गाडी कोळसा त्यांना भरता आला नव्हता. मग वर येतंय ते काय असणार?

“चुकून दोन दिल्यात रे त्यांनी.”

“कोळसाच आहे. आमच्या पोटावर पाय देऊन वर येतोय, आणि तू ओढतोयस. सख्खा भाऊ तू.”

पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा कानशिलावर, तशी डोळ्यांपुढे काजवे चमकले. कोणीतरी खिडक्यांच्या काचा फोडत होतं, कोणीतरी त्याच्या गुडघ्यात लाथ घातली. तो खाली बसला, पण लिव्हर धरूनच बसला. खाली माणसं असताना इंजिनवाल्याने जागा सोडायची नाही, एवढ्यासाठीच तो संपात गेला नव्हता, आणि त्यापायी वस्तीत कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं.

“आईची शपथ आहे तुला, सोड,” धाकटा म्हणाला. तो रडत होता. रडत रडतच त्याने दांडा बोटांवर घातला. हाडं मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. रक्ताने लिव्हर निसरडी झाली, तेव्हा इंजिनवाल्याने तिला कोपराची मिठी मारली. धाकट्याने कोपरावरही घाव घातला.

बाहेर खाणीच्या तोंडाशी एक टोला पडला. एक म्हणजे पिंजरा वर पोचला, थांबवा. इंजिनवाल्याने छातीच्या जोराने ब्रेक लावला आणि तिथेच आडवा झाला.

बाहेर पिंजऱ्याची जाळी उघडली. काळवंडलेल्या तोंडांची पोरं एकमेकांना धरून उतरली. त्यांतला एकजण विचारत होता, “दोनच द्यायच्या होत्या ना?”

धाकट्याने ते ऐकलं. ऐकून तो दारात गेला आणि त्या पोरांकडे नुसता बघत राहिला. हातातला रक्ताळलेला दांडा टाकायचं भान त्याला राहिलं नाही. मालकांचे बंदूकवाले तेवढ्यात फाटकातून आत आले. त्यांना दांडा दिसला, समोर पोरं दिसली. त्यांनी विचारलं काहीच नाही.

गोळी धाकट्याच्या पोटात लागली. इंजिनवाला फरफटत उंबऱ्यापर्यंत गेला आणि भावाचं डोकं त्याने मांडीवर घेतलं.

“दोनच होत्या रे, दादा.”

“हो. दोनच होत्या.”

“मला वाटलं...”

“माहीत आहे मला. गप पड.”

तो गप पडला तो कायमचाच.

पुढे खाणीतला कोळसा संपला. शाळा मात्र वाढत गेली. तिचं कॉलेज झालं, मग विद्यापीठ, आणि खाणीच्या नावाने तिथे उरली ती मधल्या चौकात टांगलेली घंटा. इंजिनवाल्याची बोटं कशालाच उपयोगी नव्हती, म्हणून कॉलेज होतं तेव्हाच ती वाजवायचं काम त्याला दिलं होतं. तास सुरू झाला की दोन टोले द्यायचे, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. त्याने पहिल्याच दिवशी तीन दिले. रागावून त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

“दोन टोले सांगितले होते ना?”

“साहेब, आत माणसं आहेत.”

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं समजून त्यांनी नाद सोडला. आता विद्यापीठात तीन टोल्यांची परंपराच झाली आहे. नव्या मुलांना तिचा अर्थ सांगतात, ज्ञान, विज्ञान आणि श्रम. सांगोत बापडे.

इंजिनवाला होता तोवर रोज मनगटाला दोरी गुंडाळून उभा राहायचा. दोन टोले झाले की थांबायचा. इतका वेळ थांबायचा की मुलं माना वर करून बघायची. मग तिसरा द्यायचा.